रुपयांतील साठ पैसे

सरकारी अनुदान हे शब्द कानीं पडले म्हणजे आपल्या समाजांत दोन तऱ्हेचे उद्गार ऐकूं येतात. एक वर्ग म्हणतो, "आमचाच पैसा आम्हांलाच परत, त्यांत उपकार कसला?" दुसरा म्हणतो, "मिळतें आहे तें घ्यावें, उगाच चिकित्सा कशाला?" दोन्ही उद्गारांत तथ्य अगदींच नाहीं असें नाहीं, पण अनुदान कशासाठीं मिळालें, किती मिळालें, उरलेली रक्कम कोणीं भरली आणि ज्याच्या नांवानें तें मिळालें त्याच्या पदरांत शेवटीं काय पडलें, हे चार प्रश्न विचारल्यावांचून अनुदानाची स्तुति किंवा निंदा करणें म्हणजे आमटी न चाखतां मीठ कमी-जास्त म्हणण्यासारखें आहे. बुलढाणा जिल्ह्यांतील वीजवितरणाच्या संबंधांत हे प्रश्न विचारून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हाच जिल्हा निवडण्यास कारण आहे. वऱ्हाडच्या पश्चिम टोकास असलेल्या ह्या जिल्ह्याच्या पूर्वेस अकोला जिल्ह्यांत पारस येथें कोळशावर चालणारें वीजकेंद्र आहे. पश्चिमेस जळगांव जिल्ह्यांत भुसावळजवळ दीपनगर येथें दुसरें आहे. दोन दिव्यांच्या मधोमध बसलेल्या माणसास उजेडाची ददात पडूं नये. पण दिव्याखालीं अंधार ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगाच केलेली नाहीं. खामगांवची चांदी, शेगांवचें संस्थान, लोणारचें विवर व मातोश्री जिजाबाईंचें सिंदखेड राजा ह्यांमुळें जिल्ह्याचें नांव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. जिल्ह्याचें पोट मात्र कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभरा ह्यांवर चालतें. घाटावरील चिखली, मेहकर, देऊळगांव राजा ह्या बाजूस विहिरी आणि धरणें ह्यांवर ओलीत होतें. घाटाखालीं पूर्णेच्या कांठीं खारपाणपट्टा लागतो, तेथें विहिरीचें पाणीच खारट. तात्पर्य, गोड पाणी जेथें आहे तेथून तें उपसून आणावें लागतें, आणि उपसावयाचें म्हणजे वीज पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांची वडिलोपार्जित शेती ह्या किंवा शेजारच्या जिल्ह्यांत असेल. एक भाऊ नागपुरास, एक पुण्यास आणि थोरले दादा गांवीं, अशीं घरें थोडीं नाहींत. हरभऱ्याला पाणी द्यावयाच्या दिवसांत दादा रात्रीं साडेबारा वाजतां मोटार सुरू करावयास कां जातात, ह्याचें उत्तर शहरांतल्या भावांस बहुधा ठाऊक नसतें. तें उत्तर तारांच्या मांडणींत आहे, म्हणून ती मांडणी थोडक्यांत सांगणें अवश्य आहे.

मोठ्या केंद्रांतून येणारी वीज तेहतीस हजार व्होल्टच्या दाबानें तालुक्याच्या उपकेंद्रांत येते. तेथें तिचा दाब अकरा हजारांवर आणतात आणि मग ती एकेका वाहिनीवरून गांवोगांव जाते. ह्या वाहिनीस फीडर म्हणतात. फीडरच्या कांठानें ठिकठिकाणीं ट्रान्स्फॉर्मर बसविलेले असतात. कागदोपत्रीं त्याचें नांव रोहित्र, शेतकऱ्याच्या तोंडीं डी.पी. ह्या डी.पी.वरून कमी दाबाच्या तारा शेतांशेतांतून मोटारींपर्यंत जातात आणि खरा नाश होतो तो येथें. तारेंतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला म्हणजे उष्णतेच्या रूपानें वाया जाणारी वीज दुप्पट होत नाहीं, चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. तेवढीच शक्ति कमी दाबानें न्यावयाची म्हणजे प्रवाह वाढला. तार लांब झाली म्हणजे रोध वाढला. शेवटच्या विहिरीवर दाब इतका उतरतो कीं मोटार घुमते पण फिरत नाहीं. कमी दाबावर तेंच काम करावयाचें म्हणून ती अधिक प्रवाह ओढते, तापते आणि एके दिवशीं जळते. त्यांत ऑटोस्विचची भर! वीज केव्हां येईल ह्याचा नेम नसल्यामुळें शेतकरी मोटारीला आपोआप सुरू होणारी कळ लावून ठेवतो. वीज आली कीं पंचवीस-तीस मोटारी एकाच क्षणीं उठतात आणि सुरू होतांना मोटार नेहमींच्या कित्येक पट प्रवाह मागते. फ्यूज उडतो, त्याच्या जागीं कोणी तरी जाड तार अडकवतो, मग फ्यूजऐवजीं डी.पी.च जळते. ऐन रब्बींत डी.पी. जळली म्हणजे ती बदलून येईपर्यंत पीक थांबत नाहीं. ह्यांत दोष एकट्या शेतकऱ्याचा म्हणतां येत नाहीं, एकट्या वायरमनचाहि नाहीं. वर्षानुवर्षें एकाच डी.पी.वर जोडण्या वाढत गेल्या आणि तारा होत्या तेवढ्याच राहिल्या.

दुसरी अडचण सामायिक फीडरची. पूर्वीं गावठाण आणि शेती ह्यांस वीज बहुतेक ठिकाणीं एकाच फीडरवरून मिळे. आमच्या वाचकांस एकत्र कुटुंबाचा अनुभव आहे, म्हणून चुलीचा दृष्टान्त देतों. एकाच चुलीवर शंभर माणसांचा स्वयंपाक असला आणि सरपण कमी पडूं लागलें, कीं आजाऱ्याची पेज आणि पाहुण्यांची पुरणपोळी ह्यांपैकीं एकच थांबवतां येत नाहीं. चूल विझली कीं दोन्ही विझतात. तसें शेतीचें भारनियमन करावयाचें तर घरांतील दिवा, पिठाची गिरणी आणि दवाखाना हेंहि अंधारांत जात. उलट घरांसाठीं वीज चालू ठेवली तर मोटारींनीं किती घेतली ह्याचा हिशेब लागत नसे. म्हणून गावठाणाचा फीडर निराळा आणि शेतीचा निराळा, असें विभक्तीकरण करण्याचें धोरण महाराष्ट्रानें स्वीकारलें. घरांत चुली वेगळ्या झाल्या म्हणजे आपणांस वाईट वाटतें. विजेच्या बाबतींत ही वांटणी हिताचीच झाली, कारण तिच्यामुळें गांवांतील दिव्याचें नशीब शेतांतील मोटारीपासून सुटें झालें.

पण वांटणीस खर्च येतो. नवे खांब, नव्या तारा, नवीं उपकेंद्रें, लहान लहान ट्रान्स्फॉर्मर हें सर्व कोणाच्या पैशानें करावयाचें? वऱ्हाड प्रांत १९५६ पर्यंत मध्यप्रदेशांत होता, नंतर मुंबई राज्यांत आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर २० जून १९६० रोजीं राज्य वीज मंडळ स्थापन झालें. खेड्यांत तारा नेण्यास कर्ज देण्यासाठीं केंद्र सरकारनें १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलें. तो काळ कर्जाचा होता. पुढें अनुदानाचा काळ आला. २००५ सालीं राजीव गांधींच्या नांवानें योजना निघाली, तींत खेड्यांच्या विद्युतीकरणासाठीं नव्वद टक्के अनुदान होतें. त्याच वर्षीं राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. २०१४ सालीं दीनदयाळ उपाध्याय ह्यांच्या नांवाची योजना आली. फीडर वेगळे करणें हा तिचा एक मुख्य हेतु होता आणि अनुदान साठ टक्के. २०१७ सालीं घराघरांत जोडणी देणारी सौभाग्य योजना आली. दर कांहीं वर्षांनीं नवें बारसें होतें. खांब मात्र त्याच शेतांत उभा राहतो. आम्हांस ह्या नामकरणांचें कौतुकहि नाहीं आणि वावडेंहि नाहीं.

सध्यां ज्या कामांचे फलक उपकेंद्रांवर दिसतात त्यांपैकीं पुष्कळ कामें सुधारित वितरण क्षेत्र योजनेखालचीं आहेत. ३० जून २०२१ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें हिला मान्यता दिली. २०२१–२२ पासून २०२५–२६ पर्यंत पांच वर्षांसाठीं सर्व देशाचा मिळून अंदाज ३,०३,७५८ कोटि रुपयांचा आणि त्यांत केंद्राचें अनुदान ९७,६३१ कोटींचें. म्हणजे एकंदरींत साधारण तिसरा हिस्सा. मग साठ पैशांची गोष्ट कोठून आली? ती अशी कीं हानि कमी करण्याच्या आणि तारा, उपकेंद्रें सुधारण्याच्या कामांस महाराष्ट्रासारख्या राज्यांत मंजूर खर्चाच्या साठ टक्के अनुदान मिळतें. डोंगराळ व ईशान्येकडील राज्यांस नव्वद. स्मार्ट मीटरसाठीं मात्र मीटरमागें पंधरा टक्के, आणि तेंहि फार तर नऊशें रुपये. खासगी वितरण कंपन्यांस ह्यांतला एक पैसाहि नाहीं. एकूण वीज किती घेतली आणि तींतील किती विजेचे पैसे हातीं आले ह्यांतील तूट २०२०–२१ सालीं देशभर सुमारें बावीस टक्के होती. ती बारा ते पंधरा टक्क्यांवर आणावयाची, आणि एक युनिट पुरविण्यास येणारा खर्च व त्यापासून मिळणारें उत्पन्न ह्यांतील अंतर नाहींसें करावयाचें, असा योजनेचा संकल्प होता.

ह्या योजनेंत एक गोष्ट आम्हांस विशेष आवडली. अनुदान एकदम हातांत ठेवलेलें नाहीं. वितरण कंपनीनें आपले हिशेब वेळेवर प्रसिद्ध करावे, राज्य सरकारनें कबूल केलेली सवलतीची रक्कम आणि सरकारी कचेऱ्यांचीं बिलें चुकतीं करावीं, आणि दर वर्षीं परीक्षेंत ठरलेले गुण मिळवावे, म्हणजे पुढचा हप्ता. मुलाच्या हातीं वर्षाचा सगळा खर्च देऊन त्यास वसतिगृहांत धाडणें आणि परीक्षेचा निकाल पाहून पैसे पाठविणें ह्यांत जो फरक आहे तोच येथें आहे.

आतां उरलेले चाळीस पैसे. हे कंपनी कर्जानें उभारते. कर्जाचें व्याज आणि त्या भागाचा घसारा वीज नियामक आयोगापुढें खर्चांत मांडला जातो आणि आयोगानें मान्य केला म्हणजे दरांत येतो. अनुदानाच्या भागावर असा घसारा ग्राहकाकडून घेतां येत नाहीं. अनुदानाचा खरा लाभ हाच. साठ पैसे केंद्राच्या तिजोरींतून आले म्हणजे ते करदात्यांकडून आले; चाळीस पैसे बिलांतून आले म्हणजे ते आपल्याकडूनच आले. ज्यांनीं आपल्या घरचें वीजबिल कधीं उलटून पाहिलें नसेल त्यांनीं तें पाहावें. त्यांत स्थिर आकार आणि वहन आकार अशा ओळी असतात. चिखलीच्या फीडरवरील नवा खांब पुण्याच्या सदनिकेंतल्या बिलांत अशा ओळींतून येऊन बसतो. ह्याबद्दल आमची तक्रार नाहीं. एका राज्याचें वितरण म्हणजे एक मोठें एकत्र कुटुंबच होय. शहरांतल्या भावानें गांवच्या विहिरीस कांहीं द्यावें ह्यांत अन्याय नाहीं. फक्त तें दिल्याचें त्याला ठाऊक असावें.

मीटरचें प्रकरण निराळें आहे. महाराष्ट्रांत २०२३ सालीं जे ठेके दिले गेले त्यांत एका स्मार्ट मीटरचा खर्च, देखभालीसह, सुमारें बारा हजार रुपये पडतो असा हिशेब बाहेर आला. बारा हजारांत नऊशें रुपये अनुदान! रुपयास साडेसात पैसे. आधीं पैसे भरून मग वीज वापरावयाची ह्या पद्धतीविरुद्ध लोकांत ओरड झाली, आणि जून २०२४ मध्यें राज्य सरकारनें सामान्य घरगुती ग्राहकांस असे प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहींत असें जाहीर केलें. पुढें महिनाअखेरीस बिल देणारे स्मार्ट मीटर बसूं लागले. मीटर वाईट असें आमचें म्हणणें नाहीं. फीडरवर आणि डी.पी.वर मीटर असल्याखेरीज गळती कोठें आहे हें कळणारच नाहीं, आणि तेथें तो आधीं बसावा. पण घरोघरचा मीटर म्हणजेच सुधारणा, अशी समजूत करून घेणें म्हणजे दूध नासतें म्हणून भांड्याऐवजीं मापटें बदलण्यासारखें आहे.

ह्याहून कठीण गोष्ट म्हणजे फुकट विजेची. २००४ सालीं निवडणुकीच्या आधीं कृषिपंपांस मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्या वर्षीं ती बंद करावी लागली. २०२४ सालीं मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारें चव्वेचाळीस लाख शेतकऱ्यांस एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत बिल नाहीं. त्या आधीं, २०२० च्या अखेरीस, कृषिपंपांची थकबाकी चाळीस हजार कोटींच्या वर गेली होती. पिकाला भाव नाहीं, पावसाचा नेम नाहीं, विहिरीवर मीटर नाहीं आणि अश्वशक्तीवरून आकारलेलें बिल खरें कीं खोटें हें सांगतां येत नाहीं, अशा स्थितींत शेतकऱ्यानें बिल भरलें नाहीं ह्याचें आश्चर्य वाटण्यासारखें नाहीं. मोफत विजेस आमचा तत्त्वतः विरोध नाहीं. पण २००३ च्या वीज कायद्याच्या पासष्टाव्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं सरकारला कोणास सवलत द्यावयाची असेल तर तिची रक्कम सरकारनें आगाऊ द्यावी. लग्नांत आहेर जाहीर करावयाचा आणि पाकीट सहा महिन्यांनीं पाठवावयाचें, ही रीत येथें चालत नाहीं. ती रक्कम थकली कीं कंपनी वीज विकत घेण्यासाठीं कर्ज काढते, तारांच्या दुरुस्तीस हात आंखडते, आणि साठ पैशांच्या अनुदानानें उभारलेला खांब तेलपाण्यावांचून दहा वर्षांत म्हातारा होतो. ट्रान्स्फॉर्मरमधील तेल वेळेवर तपासावें व बदलावें लागतें. ह्या कामाचा कधीं समारंभ होत नाहीं, म्हणूनच तें राहून जातें.

अनुदानापेक्षां कर्ज बरें, त्यानें शिस्त लागते, असें म्हणणारा एक पक्ष आहे. तो अमेरिकेचा दाखला देतो. तेथें १९३५ सालीं ग्रामीण विद्युतीकरणाचें खातें निघालें. त्यानें शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांस स्वस्त व्याजानें कर्जें दिलीं आणि खेड्यांत दिवे आले. हें खरें आहे. तोच कित्ता आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यांत गिरविला गेला. मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था ही देशांतील पहिल्या अशा संस्थांपैकीं एक. श्रीरामपूर-राहुरीकडील गांवांस तिनें चाळीस वर्षें वीज दिली. पण वीज मंडळाचें देणें थकत गेलें, वाद वाढले, आणि २०११ सालीं परवाना संपल्यावर वितरण महावितरणकडे गेलें. कर्जानें खांब उभे राहिले, वसुलीची शिस्त मात्र त्याबरोबर आपोआप आली नाहीं. म्हणून कर्ज कीं अनुदान ह्या वादापेक्षां पैसा कोणत्या कामास लागला हें पाहणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

आणि येथें आपण पुन्हां दादांच्या मोटारीपाशीं येतों. शेतीच्या फीडरवर तीन फेजची वीज आळीपाळीनें मिळते: आठवड्यांतून कांहीं दिवस दिवसां, कांहीं दिवस रात्रीं, आठ ते दहा तास. रात्रीं कां? कारण दिवसां शहरें आणि कारखाने वीज मागतात, आणि रात्रीं कोळशाचीं केंद्रें एकदम थांबवितां येत नाहींत. उरलेली वीज शेताकडे वळविली जाते. शहराच्या सोयीनें शेताची रात्र ठरते. थंडीच्या दिवसांत, चिखलांत, सापाच्या वाटेवर, उघड्या तारांजवळ माणूस हातांत बॅटरी घेऊन पाण्याचा दांड फोडीत असतो. बुलढाणा-खामगांव रस्त्याच्या दोहों बाजूंस ज्ञानगंगा अभयारण्य आहे. बिबट्या आणि अस्वल हे तेथले नित्याचे रहिवासी. डिसेंबर २०१९ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशें किलोमीटरांच्या वर चालून ह्या अभयारण्यांत येऊन पोहोंचला. त्याच्या गळ्यांत पट्टा असल्यामुळें त्याचा मार्ग सर्व जगास कळला आणि वर्तमानपत्रांनीं त्याचें फार कौतुक केलें. तो ज्या शेतांमधून रात्रीं गेला त्या शेतांत त्या वेळीं कोण कोण पाणी देत होतें, ह्याची नोंद कोणीं ठेवली नाहीं. घरांतील बायकांस ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. रब्बीच्या महिन्यांत त्यांच्या रात्री दाराकडे कान देऊन जातात.

म्हणून आमच्या मतें वितरणाच्या सुधारणेची खरी परीक्षा एकच: दिवसां पाणी देतां येतें कीं नाहीं. येथें काळानें एक चमत्कारिक उलटापालट केली आहे. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज स्वस्त झाल्यापासून दुपारची वीज, जी पूर्वीं सर्वांत दुर्मिळ, तीच आतां सर्वांत मुबलक होऊं लागली आहे. महाराष्ट्रानें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली आणि २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा हातीं घेतला. उपकेंद्राच्या जवळच पडीक जमिनीवर सौर केंद्र उभारावयाचें आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडावयाची, अशी ही कल्पना. हिला केंद्राच्या कुसुम योजनेंतून सुमारें तीस टक्के साहाय्य मिळतें. जमीन भाड्यानें देणाऱ्यास हेक्टरीं वर्षाला सव्वा लाख रुपये आणि ग्रामपंचायतीस तीन वर्षें दर वर्षीं पांच लाख रुपये. फीडर आधीं वेगळा झाला नसता तर ही योजना अशक्य होती, हें येथें लक्षांत घ्यावें; २०१४ च्या अनुदानाचें फळ दहा वर्षांनीं असें दिसतें. लांबून वीज आणावयाची नसल्यामुळें वाटेंतला नाशहि वांचतो.

५ ऑक्टोबर २०२४ रोजीं वाशीम येथून पंतप्रधानांच्या हस्तें ह्या योजनेंतील पहिल्या पांच केंद्रांचें लोकार्पण झालें. पांचांची मिळून शक्ति एकोणीस मेगावॅट. त्यांतील पांच मेगावॅटचें एक केंद्र बुलढाणा जिल्ह्यांतील पळशी बुद्रुक येथलें. पांच मेगावॅट म्हणजे भर उन्हांत, पांच अश्वशक्तीच्या हजारएक मोटारी चालविण्याइतकी शक्ति. सबंध जिल्ह्याच्या मानानें ही सुरुवातच म्हणावयाची. आभाळ भरून आलें म्हणजे तिचें काय होतें, तबकड्यांवरील धूळ कोण पुसतो, केंद्र उभारणारी कंपनी पंचवीस वर्षें टिकते कीं नाहीं, ह्या शंका आम्हांसहि आहेत. आणि जेथें फीडर पोहोंचणेंच कठीण तेथें २०२४ सालची मागेल त्याला सौर कृषिपंप ही योजना, जींत शेतकऱ्यानें किंमतीचा दहावा हिस्सा आणि अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा भरावयाचा असतो, तीच अधिक उपयोगी पडेल. पण दिशा बरोबर आहे, एवढें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

एक लहानशी सूचना करून लेखणी खालीं ठेवतों. पैसा किती आला आणि किती खांब उभे राहिले ह्यांचे आंकडे अहवालांतून निघतच असतात. तालुक्यांतील कोणत्या फीडरला दिवसां वीज मिळते, कोणत्याला अद्याप रात्रींच, आणि कोणत्याचा नंबर कोणत्या महिन्यांत लागणार आहे, ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनें लिहून लावतां येईल. आणि तिला अनुदान लागणार नाहीं.